एदोचा वाटा

रात्री वारा सुटला तेव्हाच आजी म्हणाल्या, “उद्या लवकर ऊठ.” सकाळी परसातल्या चार झाडांखाली काटेरी बोंडांचा सडा पडला होता. धोत्र्याचं बोंड आठवा. फक्त काटे कितीतरी दाट आणि सुईसारखे. जपानी चेस्टनट झाडावरून तोडायचा नसतो, पिकला की आपणहून गळतो. बोंड दोन्ही बुटांनी दाबून उलगडायचं आणि आतली तपकिरी, चकचकीत फळं चिमट्यानं उचलायची. बहुधा तीन असतात. मधलं बिचारं दोन्हीकडून दबून चपटं झालेलं. मी आगाऊपणानं हात घातला. अंगठ्यातला काटा दिवसभर पुरला.

हे ओबुसे. नागानो शहरातून छोट्या खासगी रेल्वेनं अर्ध्या तासावर. मात्सुकावा नदीनं आणून टाकलेली आम्लधर्मी माती चेस्टनटला मानवली आणि गावाचं नाव झालं. नाव झालं की सरकारची नजर पडतेच. एदो काळात इथले निवडक चेस्टनट नजराणा म्हणून एदोला शोगुनाकडे जात. तो रवाना होईपर्यंत गावकऱ्यांनी दारातल्या फळालाही हात लावायचा नाही, असा दंडक होता म्हणतात. याच मुलखातल्या कोबायाशी इस्सानं न उचललेल्या चेस्टनटांवर हायकू लिहिला, तो उगाच नव्हे.

उलट दिशेनं, एदोहून इथे आला तो चित्रकार होकुसाई. ऐंशी उलटल्यावर, 1840च्या दशकात, सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट तुडवत. ताकाई कोझान या श्रीमंत व्यापाऱ्यानं त्याला आसरा दिला. गान्शोइन देवळाच्या छतावर त्यानं रंगवलेला पौराणिक पक्षी एकवीस तातामी चटयांएवढा आहे. पूर्वी तो आडवं पडून बघत, आता खुर्चीत बसून मान मोडायची. कुठेही बसा, डोळा आपल्यावरच.

गावात होकुसाई संग्रहालयाजवळच्या गल्लीत पायाखाली चेस्टनटच्याच लाकडाचे ठोकळे आहेत. ते लाकूड सहजी कुजत नाही. उत्तरेला आओमोरीजवळ सान्नाई-मारुयामा इथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या, मीटरभर जाडीच्या चेस्टनट खांबांची बुडं जमिनीत सापडली. भातशेती येण्याच्या कितीतरी आधी लोक ही झाडं जोपासत होते.

दुकानांपुढे मात्र रांगा होत्या त्या मों ब्लांसाठी. केकवर चेस्टनटच्या लगद्याच्या शेवया. दिसायला देखणा, मला जरा गोडच. त्यापेक्षा नुसता उकडलेला चेस्टनट बरा. फणसाची आठळी आणि रताळं यांच्या मधली चव. गंमत म्हणजे गावच्या जुन्या ‘कुरी राकुगान’ मिठाईच्या नावात चेस्टनट आहे, पण ती होते वाटाण्याच्या पिठाची.

संध्याकाळी कुरीगोहान, म्हणजे चेस्टनट घातलेला भात. फळं आधी पाण्यात टाकली. तरंगली ती बहुतेक किडकी. मग सोलणं. वरचं टरफल सुटतं, पण आतली तुरट साल जिवाला चिकटल्यासारखी असते. आजींची सहा सोलून होईपर्यंत माझं एक होई, तेही अर्धं. तांदूळ, मीठ, थोडी साके, वर चेस्टनट. बाकी काही नाही.

कुकर लावण्याआधी आजींनी सगळ्यांत मोठी फळं बाजूला काढून खोक्यात भरली आणि वर पत्ता लिहिला. मुलगा तोक्योला असतो. म्हणजे जुन्या एदोतच. आमच्या भातात मधली, चपटी आली.