शेततळ्यातील मुक्यांचा वाटा

मराठवाड्यात शेततळ्याच्या पाण्याचा हिशेब बहुधा मोसंबी-डाळिंबापासून सुरू होतो आणि गुराढोरांचे पिणे त्यात अखेरीस, उरलेच तर, धरले जाते. वस्तुतः गोठ्याची गरज सर्वांत लहान आणि एक दिवसही न टळणारी असल्यामुळे हा क्रम उलटा असावयास हवा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या भूमीखाली काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांत व वरच्या मुरमात मावेल तेवढेच पाणी टिकते आणि पाऊस ओढ देतो त्या वर्षी विहिरी उन्हाळा लागताच तळ दाखवितात; मग गोठ्याला आधार शेततळ्याचाच उरतो.

तीस मीटर लांब, तितकेच रुंद आणि तीन मीटर खोल अशा शेततळ्यात, बाजूंचा उतार वजा जाता, सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. मोठ्या जनावराला दिवसाकाठी 60 लिटर धरले तरी दहा जनावरांना उन्हाळ्याच्या 120 दिवसांत 72,000 लिटर, म्हणजे साठ्याच्या शेकडा चारपेक्षाही कमी, पुरतात. याउलट अर्धवट रित्या तळ्याचा पृष्ठभाग 500 चौरस मीटर उरला आणि दिवसाला 10 मिलिमीटर पाण्याची वाफ झाली, तर तेवढ्यानेच रोज 5,000 लिटर, म्हणजे त्या गोठ्याचे आठ दिवसांचे पिणे, उडून जाते. विहिरीतले पाणी उपसून तळ्यात साठविणे याच कारणाने तोट्याचे आहे. सावलीतले पाणी उन्हात आणून ठेवण्यासारखे ते आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकात खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरासाठी, नहर जमिनीखालून नेली, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

पाणी मुरू नये म्हणून तळ्यात प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात, त्याला अस्तरीकरण म्हणतात. हा कागद ओला झाला की त्यावर खूर वा पंजा ठरत नाही; तहानलेले हरीण किंवा कोल्हा उतरतो, पण चढून येऊ शकत नाही. म्हणून भोवती कुंपण तर हवेच, शिवाय काठावरच्या खुंटांना बांधलेले गाठींचे जाड दोर किंवा जाळी तळापर्यंत सोडलेली हवी. कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यासारख्या रानात वन्यजीवांसाठी कृत्रिम पाणवठा करतात, तेव्हा तो बशीसारखा उथळ ठेवणे इष्ट, कारण पिलालाही त्यातून सहज बाहेर येता येते. शेतकऱ्यानेही कुंपणाबाहेर, उताराकडे तळ्याच्या तळापेक्षा खालच्या पातळीवर, तसाच एक उथळ हौद बांधावा, तळ्यातून त्याला नळी जोडावी, तोंडाशी तरंगता गोळा असलेली तोटी बसवावी आणि सिंचनाच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारे तोंड, तळ्याच्या तळापासून हातभर वर ठेवावा, म्हणजे पिकाला पाणी देताना हौदाचा वाटा उपसला जाणार नाही.