आधी दर्गा, मग वेरूळ

चुडावा, जि. परभणी
जानेवारीअखेर

चि. अनघा,



वेरूळला जाताना खुलताबादला पाच मिनिटं थांबून औरंगजेबाची कबर उरकायची, हा तुझा बेत कळला. पाचच मिनिटं असतील तर थांबूच नकोस. त्या गावाला जुनी माणसं रौजा म्हणतात, आणि औरंगजेब तिथे फार उशिरा आलेला पाहुणा आहे.

आधी माझ्याकडे ये. लांब पल्ल्याच्या गाड्या चुडाव्याला थांबत नाहीत, तेव्हा पूर्णेला उतर. कुणीतरी घ्यायला येईल. 2 फेब्रुवारीला परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस सुरू होतो. इतर उरूस चंद्राच्या हिशेबाने दरसाल मागे सरकतात, हा मात्र इंग्रजी तारखेला पक्का. तुरीच्या राशी झालेल्या असतात, हातात चार पैसे असतात, त्यामुळे आमच्या भागातली बाया-माणसं घरदार घेऊन जातात. नवस फेडणाऱ्यांत मारुतीला शेंदूर वाहणारेही असतात. चादर चढवायची, रेवड्या घ्यायच्या, पोरांना पाळण्यात बसवायचं. डोक्यावरून पदर घे. बऱ्याच दर्ग्यांत बायकांना मजारीपाशी सोडत नाहीत, बाहेरूनच हात जोडावे लागतात. मला ते कधीच पटलं नाही, पण पाहुणीने दारात वाद घालू नये.

मग परभणीहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगर आणि तिथून बसने खुलताबाद, पंचवीसेक किलोमीटर. आधी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात जा. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य दख्खनेत आले आणि इथेच 1337 मध्ये वारले. हैदराबादच्या गादीचा मूळपुरुष, पहिला निजाम, त्यांच्याच आवारात पुरलेला आहे. समोर त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांचा दर्गा. तिथे पैगंबरांचा म्हणून जपलेला झगा आहे, तो फक्त ईद-ए-मिलादला दाखवतात.

याच आवाराच्या कोपऱ्यात औरंगजेब आहे. 1707 मध्ये अहमदनगरला मेला, पण आपल्याला झैनुद्दीनांच्या पायाशी पुरा, अशी त्याची इच्छा होती. छत नाही, घुमट नाही; वर माती आणि त्यात उगवलेला सब्जा. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची. त्याने टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतून कबर बांधली असं सांगतात. बापाने ताजमहाल बांधला आणि मुलाने हे मागितलं! त्याचं राज्य आपल्याला आवडो न आवडो, ही मागणी कुणापाशी केली ते आधी दर्गा पाहिल्याशिवाय कळत नाही. ही कबर हटवण्यावरून 2025 मध्ये झालेल्या वादानंतर तिथे पोलीस बंदोबस्त आहे, ओळखपत्र जवळ ठेव.

गावाबाहेर मलिक अंबरची कबर आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि खडकी शहर, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवून त्याने नहरीने पाणी आणलं. तुझ्या सिव्हिल इंजिनिअर नवऱ्याला तिथे ने, माझ्या गप्पांपेक्षा त्याला ते जास्त रुचेल.

भद्रा मारुती त्याच गावात, निजलेला. वेरूळ तिथून जेमतेम चार किलोमीटर. मात्र मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून तिकिटं काढ. आणि येताना चितळ्यांची बाकरवडी आण, इथे मिळते ती शिळी.

तुझी,
मावशी