वैशाखातले गनाश

मराठवाड्यात आलेला पाहुणा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मागतो, आणि ती त्याला मिळतेही. पण त्याने संध्याकाळी लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी. केकचा पुठ्ठ्याचा डबा दोन्ही हातांनी सांभाळीत जाणारा एखादा पोरगा हमखास दिसेल. किनवट, देगलूर, मुखेड, कुठकुठची मुले येथे खोल्या करून राहतात. आई गावी आणि वाढदिवस येथे! मग आई फोनवरूनच केक सांगते.

असे केक करणाऱ्या एक वहिनी आमच्या शेजारी राहतात. त्यांच्या मुलीच्या कॉलेजची फी यातूनच निघते. त्यांची सारी भिस्त गनाशवर. शब्द फ्रेंच, पदार्थ मात्र साधा: क्रीम आणि चॉकलेट. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवायचे, उकळू द्यायचे नाही. ते बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतून दोन-तीन मिनिटे स्वस्थ बसायचे, आणि मग मधोमध चमचा धरून हलक्या हाताने ढवळायचे. काळ्याभोर आरशासारखी चकाकी आली की काम झाले. तूप सुटून फाटल्यासारखे दिसले, तर चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा ढवळायचे.

यातली एक गंमत लातूरकराने मुद्दाम ध्यानात घ्यावी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले ते याच गावात. थेंबाची किंमत आम्हाला कोणी शिकवायला नको. पण वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंब पडला, तर साखरेचे कण एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा घट्ट गोळा होतो. क्रीममध्ये तर पाणी पुष्कळ. तरी बिघडत नाही, कारण साखर विरघळायला ते पुरते. थेंबाने बिघडते ते भरपूर पाण्याने सुधारते!

खरा वैरी ऊन. कोकोचे लोणी सुमारे 34 अंशांवर वितळते. आमचा वैशाख चाळिशी सहज ओलांडतो. वाटेत केक ढासळला की वहिनींची दिवसाची कमाई गेली, आणि खोलीतल्या पोराचा वाढदिवसही. म्हणून उन्हाळ्यात त्या क्रीमच्या दुप्पट चॉकलेट घेतात, बहुधा वनस्पती-तुपाचे 'कंपाउंड'. ते उन्हात जास्त तग धरते, पण जिभेवर तितके विरघळत नाही. शिवाय दुपारी त्या डबा देतच नाहीत; "सातनंतर न्या," म्हणतात.

हे प्रमाणाचे भान त्यांना माहेराने दिले असावे. माहेर नांदेडचे. आमची महाविद्यालये तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला जोडलेली असल्याने उत्तरपत्रिकांच्या निमित्ताने माझीही तिकडे वारी होते. काम आटोपले की पाय सचखंड गुरुद्वाराकडे वळतात. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये याच नगरीत देह ठेवला. तिथला कडा प्रसाद ओंजळीत घेतला की बोटे तुपाने माखतात. कणीक, तूप, साखर तिन्ही समभाग. कोणी वरचढ नाही. येणाऱ्याची जात-पात न पाहता तो सगळ्यांना सारखाच मिळतो. वहिनींना मी हे बोललो तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, गनाशसुद्धा हिवाळ्यात समभागच करते मी."

तेव्हा गृहिणींनो, दिवाळीच्या गारव्यात केकवर ओतायचे गनाश समभागच करा. गोळ्या वळायच्या असतील, तर मात्र डार्क चॉकलेट दुप्पट घ्या, रात्रभर निवू द्या आणि कोकोच्या भुकटीत घोळवा. फराळाच्या ताटात बेसनाच्या लाडवाशेजारी त्या मुळीच परक्या वाटणार नाहीत. आणि परीक्षेपायी घरी न गेलेले एखादे पोर शेजारच्या खोलीत असेल, तर पहिले ताट त्याच्याकडे जाऊ द्या.