काठीचा खेळ

नांदेड शहर गोदावरी नदीच्या काठी आहे. तिथे शिखांचा मोठा गुरुद्वारा आहे. त्याला सचखंड हुजूर साहिब म्हणतात. आमच्या गावाहून एस.टी.ने दीड तास लागतो. दसऱ्याला आबांनी मला तिथली मिरवणूक दाखवायला नेलं.

मिरवणुकीत घोडे होते, निशाण होते. निळे कपडे घातलेले शीख होते. पोरं मधे रिंगण करून काठी खेळत होती. त्या खेळाला गतका म्हणतात. एका हातात लाकडी काठी असते आणि दुसऱ्या हातात लहान गोल ढाल. तिला फरी म्हणतात. काठी तलवारीच्या जागी असते. शिकताना कोणाला जखम होऊ नये म्हणून काठी घेतात. मी आबांना विचारलं, "आबा, हे कोणी काढलं?" आबा म्हणाले, "गुरुजींना विचार."

गुरुजींनी वर्गात सगळे सांगितले. शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांना १६०६ साली जहांगीर बादशहाच्या हुकमाने मारले. मग सहावे गुरू हरगोविंद यांनी कमरेला दोन तलवारी बांधल्या. शिष्यांना घोड्यावर बसायला, शस्त्र चालवायला आणि कुस्ती खेळायला लावले. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ साली आनंदपूरला खालसा पंथ स्थापन केला. ते १७०८ साली नांदेडला आले आणि त्याच वर्षी इथेच गेले. म्हणून पंजाबचा खेळ आपल्या गोदावरीच्या काठी आला.

आपल्या महाराष्ट्रातही असा खेळ आहे. त्याला मर्दानी खेळ म्हणतात. कोल्हापुरात तो फार खेळतात. त्यात लाठी, भाला, तलवार आणि दांडपट्टा असतो. दांडपट्ट्याचे पाते लांब आणि लवचिक असते. मूठ अशी असते की हात कोपरापर्यंत झाकतो. शिवाजी महाराजांचे मावळे तो चालवायचे. २०२४ साली दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला.

आता आमच्या गावाचं सांगते. पूर्वी गावात मोहरमच्या सवारीपुढे सगळ्या जातीची पोरं लाठी खेळायची. आबा त्यात पहिले असायचे. आता त्यांच्या जोडीचे कोणी राहिले नाहीत. काहीजण वारले, काहींची मुलं पुण्याला कामाला गेली. आबांची लाठी आढ्याला बांधलेली आहे. दर दिवाळीला ते तिला तेल लावतात. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचा उजवा खांदा दुखतो. लाठी चार वेळा फिरवली की ते ओट्यावर बसतात.

मी म्हणलं, "आबा, मला शिकवा." आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला काठी कशाला?" आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या उंचीची वेळूची काठी तासून आणली. आधी पाय शिकवले. पाय कसे ठेवायचे हे आले नाही तर काठी फिरत नाही, असे ते म्हणतात. आता मला दोन हात येतात. आजी दारातून बघते.

तायक्वांदो हा कोरिया देशाचा खेळ आहे. तो २००० सालापासून ऑलिंपिकमध्ये आहे. आपला गतका २०२३ साली गोव्याच्या राष्ट्रीय खेळांत आला. कोणी शिकले तरच खेळ राहतो. पुस्तकात चित्र राहील, पण हात कसा वळवायचा ते चित्रात कळत नाही. ते आबांच्या हातात आहे.

बालमित्रांनो, आबा रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर शिकवायला तयार आहेत. गुरुजींनी होय म्हणले आहे. काठी घरूनच आणावी. हे वाचणाऱ्या आईवडिलांना माझी विनंती आहे की मुलांना पाठवा आणि मुलींनाही पाठवा. आबांचा खांदा दुखतो, म्हणून लवकर या.

— इयत्ता ४ थी, एक विद्यार्थिनी