सरपणाच्या डोईवर पदर



उभा जन्म नारदाच्या गादीवर गेला. आता गुडघे ऐकत नाहीत. टाळ खुंटीला आणि मी टेंभुर्णीच्या घरी ओसरीवर. समोर बाभळीच्या सरपणाची थप्पी दिसते. आज तिच्याविषयीच चार शब्द.

आमच्या माढा तालुक्यात पाऊस बेताचा. तरी आषाढात करमाळ्याकडून दिंड्या पंढरीकडे निघाल्या की एखादा सडाका येतोच. एका वर्षी दुपारची पंगत आमच्याकडे होती. वैशाखात बाभूळ तोडली, फोडली. वळवाचे ढग दिसले म्हणून नवी ताडपत्री आणून थप्पी जमिनीपर्यंत गुंडाळली, दोरीने आवळली. सौभाग्यवती म्हणाल्या, “बाजू उघड्या ठेवा, ओली हायती.” मी म्हणालो, “एवढे निरूपण करतो, मला सरपण कळत नाही का?”

पंगतीच्या दिवशी ताडपत्री सोडली. बाहेरचा एक थेंब आत गेला नव्हता, तरी आतून थेंब लोंबत होते. सालीवर बुरशी, खालच्या थराला वाळवी. चूल पेटेना. मी मांडवात अन्नदानावर बोलत होतो आणि मागे बायका फुंकणीने फुंकून डोळे पुसत होत्या. भात कच्चा राहिला. एका वृद्ध वारकऱ्याने तो मुकाट्याने खाल्ला, पानाला नमस्कार केला आणि तो वाटेला लागला. तो नमस्कार मला आजही बोचतो.

डोईवर तुळस घेतलेली एक आजी थप्पीपाशी थांबली. म्हणाली, “बुवा, लाकडाच्या डोईवर पदर घ्यावा. त्याचं नाक-तोंड कशाला बांधलंत?”

ताज्या लाकडाच्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. उन्हाने त्याची वाफ होते. तिला वाट मिळाली नाही तर ती ताडपत्रीला थटते, थेंब होते आणि पुन्हा लाकडावरच पडते. असे लाकूड पेटवले की जाळाचा जोर आधी ते पाणी आटवण्यात जातो. आपल्या वाट्याला धूर येतो.

तेव्हापासून आमची रीत अशी. तोडणी दिवाळीनंतर, म्हणजे पुढचा उन्हाळा पुरता मिळतो. तळाशी दगड, त्यावर आडवे वासे, जमिनीपासून वीतभर उंच. भिंतीपासून हातभर अंतर. मृग निघण्याआधी वर जुना पत्रा किंवा ताडपत्री, एका बाजूला उतार देऊन, कडा वीतभर बाहेर, वर दगडांचे वजन. बाजू मात्र वाऱ्याला मोकळ्या. झडीने कडेची लाकडे भिजतात. ऊन-वारा लागला की ती पुन्हा वाळतात. लाकूड काढताना आधी काठीने ठोकावे, विंचूकाट्याची जागा असते.

लाकूड वाळले की नाही, हे दोन लाकडे एकमेकांवर आपटून कळते. वाळलेले खणखणते, ओले बद्द वाजते. जनाबाईच्या गोवऱ्यांना कान लावला की विठ्ठलनाम ऐकू येई, अशी कथा आपण कीर्तनात सांगतो. मी ती कितीदा सांगितली! पण घरातल्या माउलीच्या शब्दाला कान लावला नाही.

माउली, माझे ज्ञानही मी असेच गुंडाळले होते. मध्येच कोणी शंका काढली की मला खपत नसे. बाहेरचा थेंब आत येऊ दिला नाही. त्यामुळे आतला अहंकाराचा ओलावाही बाहेर गेला नाही. डोईवर गुरुकृपेचे छत्र असावे, पण बाजू मोकळ्या असाव्यात.

आता घरात गॅस आहे. पंगतीला मात्र अजून चूलच लागते. यंदा थप्पी झाकण्याआधी चुलीपुढे बसणारीला एकदा विचारा. तिचे डोळे धुराने भरले, तर आपल्या अन्नदानाचे पुण्य कसले?

रामकृष्णहरी.