तीन चौकटींतला रंग

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरून रशियन छायाचित्रकार प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या एखाद्या काचेच्या निगेटिव्हची टिफ फाइल उतरवून घेतली, की पडद्यावर एक लांबट, उभी, काळीपांढरी पट्टी येते. एकच दृश्य, एकाखाली एक असं तीनदा. वरची चौकट निळ्या फिल्टरमधून घेतलेली, मधली हिरव्या आणि खालची तांबड्या. काचेच्या कडांचे टवके, डाग, ओरखडे सगळं जसंच्या तसं. रंग कुठेच दिसत नाही, पण शंभर वर्षांपूर्वीच्या रशियाचे रंग त्याच पट्टीत आहेत.

या संग्रहापर्यंत मी आले ती कामाच्या निमित्ताने. आमचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. बाबा निगेटिव्हवर रिटचिंग करायचे: खालून उजेड येणाऱ्या डेस्कवर काच ठेवायची आणि बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या हलकेच भरत जायचं. मी तेच काम संगणकावर करते, बहुतेक गिंप या सॉफ्टवेअरमध्ये. लोक जुने फोटो आणतात, मी ते स्कॅन करून साफ करून देते. सरावासाठी मला मोठ्या आणि वापराचं बंधन नसलेल्या फाइली हव्या होत्या. तशा शोधताना हा माणूस सापडला.

सेर्गेई मिखाइलोविच प्रोकुदिन-गोर्स्की. झार दुसरा निकोलस याने त्यांना अंधारखोली असलेला रेल्वेचा डबा दिला होता. त्यातून हिंडत त्यांनी साम्राज्याचे फोटो काढले. दाखवताना तीन चौकटींमागे त्याच तीन रंगांचे फिल्टर लावून त्या प्रोजेक्टरने एकावर एक पाडत. म्हणजे रंग दिसायचा तो पडद्यावर, दिवा चालू असेपर्यंत. क्रांतीनंतर १९१८ मध्ये त्यांनी देश सोडला, १९४४ मध्ये ते पॅरिसमध्ये वारले. १९४८ मध्ये लायब्ररीने त्यांच्या वारसांकडून हा संग्रह विकत घेतला. त्यातल्या १,९०२ काचा २००० मध्ये स्कॅन झाल्या, म्हणूनच आज सांगलीत बसून मला त्यावर काम करता येतं.

मी सुरुवात केली ती १९०९ च्या एका फोटोपासून. लाकडी घरापुढे तीन शेतकरी मुली उभ्या आहेत, हातात बोरांसारख्या रानफळांच्या बशा. तिन्ही चौकटी कापून वेगवेगळ्या लेअरवर ठेवल्या आणि वरच्या लेअरला डिफरन्स मोड लावला. दोन चित्रं जिथे तंतोतंत जुळतात तिथे या मोडमध्ये काळं होतं, जिथे चुकतात तिथे उजळ कडा राहतात. मग चित्र एकेक पिक्सेल सरकवायचं, किंचित फिरवायचं, उजळ कडा विझेपर्यंत. जुळलं की कंपोज करून निळी चौकट निळ्या चॅनलला, हिरवी हिरव्या, तांबडी तांबड्या. रंग उमटला तेव्हा मी आईला हाक मारली. त्या मुलींचे कपडे बघून ती म्हणाली, "अगं, कालच काढल्यासारखा वाटतोय गं!"

बुखाऱ्याचा अमीर आलिम खान मात्र जुळेना. त्याचा झब्बा गडद निळा. निळ्या चौकटीत तो उजळ उतरलाय आणि तांबड्या चौकटीत जवळजवळ काळा. दोन्ही चौकटी बरोबर बसल्या तरी तिथे काळं होणारच नाही. शेवटी झब्ब्याकडे बघणं सोडलं आणि चेहरा, हात, तलवार यांच्या कडांवरून जुळवलं. या फोटोने मला सगळ्यात जास्त शिकवलं. चॅनलमधला करडा रंग म्हणजे त्या वस्तूने त्या रंगाचा किती प्रकाश परत पाठवला याची नोंद असते. झब्बा निळा असेल असा अंदाज मी कुठेच केला नव्हता. ते काचेवर लिहिलेलंच होतं.

नद्यांच्या फोटोंत एक वेगळीच गंमत आहे. तीन चौकटी एकापाठोपाठ एक घेतलेल्या, त्यामुळे मधल्या क्षणांत जे हललं ते जुळत नाही. काठावरची घरं नेटकी बसतात आणि पाण्यावर तांबड्या-हिरव्या-निळ्या रेघा तरंगतात. क्लोन टूलने त्या पुसता येतात. माझ्याकडे काम शिकायला येणारा मुलगा म्हणाला, "ताई, एवढं पुसलं की फोटो परफेक्ट." मी पुसू दिलं नाही. धूळ, बुरशी, काचेचा तडा हे नंतर आलेलं, ते प्रतीवर खुशाल काढावं. पण त्या रेघा म्हणजे तेव्हा वाहिलेलं पाणी आहे. ते काढायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

आता एका बटणावर जुने फोटो रंगीत करून देणारी ॲप आली आहेत. ती अंदाज करतात, आणि अंदाज इतका सफाईदार असतो की तो अंदाज आहे हे विसरायला होतं. मावसभावाने आजीचा फोटो असाच रंगवून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. नऊवारी गडद निळी, कपाळावर काळी टिकली. सगळ्यांनी वा वा केली. मावशीने मात्र मला फोन केला. "आई काळं कशाला लावेल? आणि लुगडं डाळिंबी होतं तिचं, काठ हिरवे. मी नेसलेय ते."

कारण लगेच लक्षात आलं. तेव्हाच्या पुष्कळ फिल्मना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळं उतरायचं आणि डाळिंबी लुगडंही. ॲपने काळपट दिसलं त्याला निळं ठरवलं. इथे तीन चौकटी नाहीत, एकच आहे, आणि त्या एकीत लुगड्याचा रंग नाही. तो फक्त मावशीकडे आहे.

मी मूळ स्कॅन तसाच ठेवला. त्याची प्रत घेऊन मावशीला शेजारी बसवलं आणि ती "अजून थोडं गडद" म्हणेल तसा रंग भरत गेले. फाइलच्या वर्णनात लिहिलं: रंग धाकट्या मुलीच्या आठवणीवरून, मूळ फोटो काळापांढरा. आता कुणी फोटो रंगवायला आणला की मी आधी विचारते, घरात सगळ्यात मोठं कोण आहे, आणि त्यांना इथे आणता येईल का.