मद्गूचें मरण

लासूर स्टेशनावर उतरून आम्ही दाक्षायणी देवीचें दर्शन घेतलें, आणि तेथून कायगांवास गेलों. येथें जायकवाडीच्या धरणानें गोदेचें पाणी तुंबलें आहे. १९८६ सालीं हा जलाशय पक्ष्यांचें अभयारण्य झाला.

उन्हें वर आलीं असतां एक भोई जाळें ओढीत होता. जाळ्यांत पाणकावळा मरून पडलेला! “मासा पाहून बुडी मारतो, अन् अडकतो, गुरुजी. जाळंबी फाटतं,” तो म्हणाला.

संस्कृतांत यास मद्गु म्हणतात. बुडणें या अर्थाच्या मस्ज् धातूपासून हें नांव झालें. छांदोग्योपनिषदांत सत्यकाम जाबालास ब्रह्माचा चौथा पाद मद्गूनेंच सांगितला. तो गुरु असा बुडून मेलेला पाहून आम्हांस वाईट वाटलें.

दक्षिण समुद्रांत मासेमारीच्या मैलोगणती दोरांवरील गळांस लागून अल्बाट्रॉस पक्षी असेच बुडतात. तेथें जपानी कोळ्यांनीं फडफडत्या पट्ट्यांचा दोर नौकेमागें लावण्याची युक्ति काढली. गळ रात्रीं सोडणें व त्यांस वजनें बांधणें हेहि उपाय आहेत. पाणकावळा दिवसा शिकार करतो; म्हणून जाळें दिवेलागणीनंतर टाकून उजाडण्यापूर्वीं काढावें, असें आम्ही सुचविलें.

“जागरण पडंल, गुरुजी,” तो म्हणाला, मग फाटलेल्या जाळ्याकडे पाहून, “पण करून बघतो.”

परतीच्या गाडींत तेवढेंच समाधान आमच्या पदरीं होतें.